यादीबाहेरचा विश्वकर्मा

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की शेतकऱ्याला उसंत नसते. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूरसारख्या गावी नेमका तेव्हाच पेरणीयंत्राचा दाता मोडला, तर तालुक्याला जाऊन येईपर्यंत ओल उडून जाते. पूर्वी ही नड गावचे सुतार-लोहार भागवीत. मोबदल्याचे धान्य सुगीत खळ्यावर मिळे. आज त्यांच्या जागी वेल्डिंग करणारा, पंप व ट्रॅक्टर दुरुस्त करणारा तरुण उभा आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. सुतार-लोहारांचा त्यात समावेश झाला, हे उचितच. परंतु यंत्रदुरुस्ती करणारा हा कारागीर त्या यादीत नाही.

विश्वकर्मा जन्माने नव्हे, कर्माने ठरतो, अशी आपली श्रद्धा असेल, तर ही यादी वाढविण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. आणि शासन ऐकेपर्यंत एवढे तरी करावे : पेरणीला घेतलेल्या त्याच्या कामाची उधारी दिवाळीपर्यंत लांबवू नये. खळ्यावरचे माप आपले पूर्वज चुकवीत नसत.