रुग्णवाहिकेची बुडीत बिलं: वहीत ठेवायची की काढायची?

महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची गाडी मोफत आहे. बाळंतिणीसाठी 102 आहे, तिलाही भाडं नाही. तरी बऱ्याच गावांत आमदार-खासदार निधीतून किंवा लोकवर्गणीतून आलेली वेगळी गाडी असते. पेशंटला खाजगी दवाखान्यात न्यायचं, सुट्टी झाल्यावर घरी आणायचं, तेव्हा तीच कामाला येते. गाडी निधीतून मिळते. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, विमा मात्र दरवर्षी लागतो. म्हणून ग्रामपंचायत भाडं लावते आणि तिथूनच उधारी सुरू होते.

रात्री दोनला दम लागलेल्या म्हाताऱ्याला गाडीत घालताना कुणी पैसे मागत नाही, मागूही नयेत. बिल नंतर जातं. तोवर कुणाचा पेशंट दगावलेला असतो, कुणी ऊसतोडीला गेलेलं असतं.

समजा वर्षात 1 लाखाची बिलं झाली आणि 60 हजार जमा झाले. उरलेले 40 हजार 'येणे' म्हणून वर्षानुवर्षं पुढे ओढले जातात. कागदावर ग्रामपंचायत पैसेवाली दिसते, पण पंपावर डिझेल त्या कागदावर मिळत नाही. असल्या आकड्यावर अंदाजपत्रक बसवलं की ड्रायव्हरचा पगार थकणारच. जळालेलं पीक आपण पंचनाम्यात उभं दाखवतो का?

अमेरिकेत रुग्णवाहिका बऱ्याच ठिकाणी नगरपालिका किंवा काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखी स्थानिक संस्था चालवते आणि पेशंटला बिल लावते. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त रक्कम पेशंटकडून घेता येत नाही, ती सोडावीच लागते. नोटिसा देऊनही न आलेल्या बिलांची यादी अनेक ठिकाणी सभेपुढे येते आणि ठराव करून ती हिशेबातून काढतात. याला निर्लेखन म्हणतात.

निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. उद्या त्या माणसाने पैसे आणून दिले तर पावती फाडून जमा करायचे. फक्त न येणारा पैसा येणार आहे असं वहीत दाखवायचं नाही.

धोका एकच. 'देऊ शकत नाही' वाल्यांच्या यादीत 'देत नाही' वाले घुसतात, त्यात पुढाऱ्यांचे सोयरे आधी. म्हणून सरपंच किंवा ग्रामसेवकाने परस्पर रक्कम खोडायची नाही. ठराव आणि नियमाप्रमाणे मंजुरी हवीच. ग्रामपंचायतीचा कर किंवा फी मागणी करूनही तीन महिन्यांत न भरणारा सदस्य कायद्याच्या कलम 14 प्रमाणे अपात्र ठरू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा: किती बिलं थकली, किती नोटिसा गेल्या, आणि प्रत्येक रक्कम काढायचं कारण काय. यादीत बिल नंबर, रक्कम आणि कारण पुरे. कुणाचा आजार चारचौघांत वाचायची गरज नाही. खरी तूट एकदा समोर आली की ती गावनिधीतून भरायची की भाडं बदलायचं, हे गावाला ठरवता येईल. नाहीतर एखाद्या रात्री गाडी दारात उभी असेल आणि टाकीत डिझेल नसेल.