सुटला म्हणजे निर्दोष ठरला काय?

न्यायालयानें ज्यास सोडलें, त्यास खेळाच्या मंडळानें मात्र दोषी धरावें, हा अन्याय नव्हे काय, असा प्रश्न आमच्या घरांतील तरुण मंडळी वरचेवर विचारतात. वाचकांच्या घरींहि तो निघत असेल. श्रीशांत या गोलंदाजाच्या प्रकरणावरून त्याचा विचार करूं.

ठराविक षटकांत ठरल्याइतक्या धावा देण्याचा सट्टेबाजांशीं करार केला, या आरोपावरून मे २०१३ मध्यें दिल्ली पोलिसांनीं राजस्थान रॉयल्स संघाच्या तिघां खेळाडूंस पकडलें. त्यांत श्रीशांत होता. सप्टेंबर २०१३ मध्यें भारतीय क्रिकेट मंडळानें त्यास आजन्म खेळबंदी केली. पुढें २५ जुलै २०१५ रोजीं दिल्लीच्या न्यायालयानें त्यास आरोपमुक्त केलें. बंदी मात्र उठली नाहीं.

हे दोन निर्णय परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः दोहोंपुढील प्रश्नच निराळे होते. पोलिसांनीं महाराष्ट्रानें १९९९ सालीं केलेला व पुढें दिल्लीसहि लागू झालेला संघटित गुन्हेगारीचा कायदा लाविला होता. फौजदारी खटल्यांत एका बाजूस सारें सरकार व दुसऱ्या बाजूस एकटा मनुष्य असतो, आणि पणास त्याचें स्वातंत्र्य लागलेलें असतें. म्हणून तेथें वाजवी संशयास जागा उरतां कामा नये. उलट मंडळ इतकेंच पाहतें कीं, आपण मान्य केलेला नियम या खेळाडूनें मोडला असणें अधिक संभवनीय आहे कीं नाहीं. कोठीवाल्यावर दाट संशय असल्यास त्यास आपण तुरुंगांत धाडूं शकत नाहीं. पण म्हणून कोठीची किल्ली पुनः त्याच्या हातीं देतों काय?

येथवर मंडळाचें म्हणणें आम्हांस पटतें. परंतु किल्ली काढून घेणें निराळें आणि जन्माची भाकरी काढून घेणें निराळें. १५ मार्च २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हाच विवेक केला. मंडळाची चौकशी फौजदारी निकालावर अवलंबून नाहीं, हें त्यानें मान्य केलें. पण आजन्म बंदीचा फेरविचार करण्यास सांगितलें. ऑगस्ट २०१९ मध्यें मंडळाच्या लोकपालांनीं ती सात वर्षांवर आणली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांतहि आरोप जितका गंभीर तितका पुरावा बळकट हवा, असेंच तत्त्व आहे.

या तत्त्वाची किंमत आम्ही शिक्षकाच्या खुर्चीवर शिकलों. एकदां दोन उत्तरपत्रिकांत तींच उत्तरें व त्याच चुका आढळल्या. नक्कल झाली, याविषयीं शंका नव्हती. आम्ही त्यांतील खोडकर मुलास दोषी धरलें व त्याचें वर्ष बुडालें. कांहीं महिन्यांनीं दुसऱ्यानें, ज्यास आम्ही गुणी समजत होतों त्यानें, आपण होऊन कबुली दिली. पुरावा नकलेचा होता. कोणीं केली याचा नव्हता. तेवढें अंतर आम्ही आपल्या ग्रहानें भरून काढलें.

घरांतहि वडीलधाऱ्यांपुढें अशा फिर्यादी रोज येतात. तेथें वकील नसतो, अपील नसतें. म्हणून संशयावरून सावध व्हावें, पण शिक्षा पुराव्याच्या मापानेंच द्यावी, आणि ती मागें घेतां येईल इतकीच असावी.