मुलांची रांग वेगळी नको!



गेल्या दिवाळीच्या स्नेहसंमेलनाला आपल्या शाळेत नेहमीप्रमाणे जेवणाच्या दोन रांगा होत्या. मोठ्यांच्या रांगेत मसालेभात, भरली वांगी, कोशिंबीर, पुऱ्या आणि श्रीखंड. मुलांच्या रांगेत पिझ्झा, चिप्स आणि कोला. नंतर आभार मानताना एक काका म्हणाले, "आपल्या मुलांना आपले जेवण आवडत नाही, काय करणार!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना गाडीत आमच्या मनात आले, की आम्हाला कोणी विचारले तरी होते का?

म्हणून मोठ्या गटातल्या आम्ही सात जणांनी मिळून हा लेख लिहिला आहे. (शुद्धलेखन बाईंनी तपासले आहे. मते मात्र आमचीच आहेत!)

आमचे म्हणणे असे, की येत्या गुढीपाडव्यापासून मुलांची वेगळी रांग बंद करावी. आणि आम्हाला नुसते वाढू नये, चांगले कसे निवडायचे तेही शिकवावे.

आधी आमची चूक कबूल करतो. लहानपणी तिखट लागले म्हणून आम्ही रडलो. शाळेत डबा उघडल्यावर मुले "हा कसला वास?" म्हणाली, तेव्हा घरी येऊन "उद्यापासून भाजी-पोळी नको, सँडविच दे" असा हट्टही केला. आई-बाबा आठवडाभर नोकरी करतात, त्यात शनिवारी शंभर माणसांचा स्वयंपाक. मुलांसाठी पिझ्झा मागवणे सोपे पडते, हे आम्हाला कळते. पण तेव्हा आम्ही पाच वर्षांचे होतो. आता तेरा-चौदाचे आहोत. मधल्या काळात आमची जीभ बदलली का, हे कोणी पाहिले नाही.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. आमच्यातली एक मैत्रीण दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आजीकडे साताऱ्याला गेली होती. आजीने पहिल्या दिवशी भाकरी, पिठले आणि ठेचा केला. हिला ते खाता येईना. दुसऱ्या दिवसापासून आजी हिच्यासाठी वेगळे नूडल्स करू लागली. तीन आठवडे! आजी काही बोलली नाही. पण निघताना आईला म्हणाली, "पोरीला माझ्या हातचे काही खाऊ घालता आले नाही." आमची मैत्रीण मराठी छान बोलते, मराठीत पत्रेही लिहिते. तरी आजीच्या ताटावर ती पाहुणीच राहिली. म्हणून आम्हाला वाटते, की भाषेइतकाच हा विषयही शाळेचा आहे.

आता निवडण्याविषयी. गेल्या महिन्यात एका मावशींनी आम्हाला बरोबर घेऊन सामान आणले. त्या एका दुपारी आम्ही जे शिकलो ते असे.

आंबा: इथल्या मोठ्या दुकानात लाल-हिरवा, देखणा आंबा मिळतो, तो बहुतेक वेळा टॉमी अ‍ॅटकिन्स जातीचा असतो. त्यात रेषा फार. लाल रंग म्हणजे पिकलेला, असे आम्हाला वाटायचे. ते खरे नाही. देठाजवळ वास घ्यायचा आणि हलकेच दाबून पाहायचे. रसासाठी मेक्सिकोचा छोटा पिवळा अताउल्फो बरा, कारण त्यात रेषा जवळजवळ नसतात. साल थोडी सुरकुतली की तो गोड होतो. भारतातला आंबा अमेरिकेत 2007 सालापासून पुन्हा येऊ लागला, तोही किरणांची प्रक्रिया करून. त्यामुळे हापूसची पेटी महाग पडते. डब्यातला रस घ्यायला हरकत नाही, पण लेबल वाचावे. त्यात बहुधा साखर आधीच घातलेली असते. वर आपण आणखी साखर घालतो आणि मग म्हणतो, "पूर्वीची चव राहिली नाही!"

दही: श्रीखंडासाठी साय न काढलेल्या दुधाचे साधे दही घ्यावे. डब्यावर जिलेटिन किंवा स्टार्च लिहिले असेल तर ठेवून द्यावे. जिलेटिन प्राण्यांपासून करतात, म्हणून शाकाहारी घरांनी तर नक्कीच पाहावे. दही रात्रभर फडक्यात बांधून टांगले, की सकाळी चक्का तयार. आम्ही घरी केलेले आणि विकतचे श्रीखंड डोळे मिटून खाऊन पाहिले. सातपैकी सहा जणांनी घरचे ओळखले. सातव्याला सर्दी झाली होती.

ज्वारीचे पीठ: पिशवीवरची तारीख पाहावी. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवतात. आमच्या भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या, पण ताज्या लोण्याबरोबर सगळ्या संपल्या. बाजरीचे पीठ तर लवकर कडवट होते. ते थोडेच आणावे.

आमसुले: काळपट जांभळी आणि मऊ घ्यावीत. वाळून कडक झालेली नकोत. त्यांची सोलकढी आम्ही केली. पहिला घोट सगळ्यांना विचित्र लागला, दुसरा बरा लागला, आणि नंतर पातेले रिकामे झाले. कोलाच्या 355 मिलिलिटरच्या डब्यात 39 ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे दहा चमचे. पन्ह्यातही गूळ असतोच, हे आम्ही लपवत नाही. पण पन्हे आपण करतो, त्यामुळे गोड किती घालायचे ते आपल्या हातात असते.

पिझ्झा वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. आम्हाला तो आवडतो आणि पुढेही खाऊ. पण ज्या दिवशी आपण सगळे मराठी म्हणून एकत्र येतो, त्या दिवशी तरी आम्हाला बाजूला काढू नका.

तर पाडव्यासाठी आमच्या सूचना अशा. रांग एकच असावी. तिखट वेगळ्या वाटीत ठेवावे, म्हणजे लहानांची सोय होईल. प्रत्येक पदार्थासमोर मराठीत त्याचे नाव लिहावे. ते काम आमच्या गटाकडे. आणि सामान आणायला दर वेळी दोन मुलांना बरोबर न्यावे. श्रीखंडाचे दही टांगायला आम्ही आदल्या रात्री येऊ. भांडी घासायलाही थांबू. (हे वाक्य दोघांना मान्य नव्हते, पण बहुमताने राहिले.)

लहानांना आवडले नाही तर काय, असे विचाराल. नाही आवडणार, कदाचित पहिल्या वर्षी. आम्हाला सोलकढी तरी कुठे पहिल्या घोटात आवडली होती! पाडव्याला आधी कडुनिंब खातात आणि मग श्रीखंड. आम्हाला दोन्ही वाढा.

आपले,
मोठ्या गटातील विद्यार्थी