ग्रंथालय : आयुर्वेद शिक्षणाचे उपेक्षित अंग

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी आणि मग आचार्यांची, असा क्रम सांगितला आहे. त्याच अध्यायात अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा हे ज्ञानप्राप्तीचे तीन उपायही आले आहेत. या तिन्ही उपायांना एकाच ठिकाणी आधार देणारी आजची व्यवस्था म्हणजे विद्यापीठाचे व महाविद्यालयाचे ग्रंथालय होय. असे असूनही आमच्या शिक्षणव्यवस्थेत सर्वांत कमी चर्चा होते ती याच अंगाची.

महाविद्यालयाची तपासणी जवळ आली की ग्रंथांची संख्या मोजली जाते, नोंदवह्या अद्ययावत होतात, कपाटांच्या काचा पुसल्या जातात. तपासणी संपली की कुलूप पुन्हा लागते. ग्रंथपालाकडे पुस्तकांचा रखवालदार म्हणून पाहिले जाते. अध्यापकांचा सहकारी म्हणून क्वचितच. अनेक ठिकाणी त्याच्याकडे परीक्षेची, प्रवेशाची, अगदी भांडारगृहाचीही कामे सोपवली जातात. अशा ग्रंथालयातून अध्यापनाला वा संशोधनाला कोणते बळ मिळणार?

ग्रंथांची संख्या आणि ग्रंथालयाची सेवा या दोन भिन्न गोष्टी आहेत. एक साधे उदाहरण घेऊ. शंखपुष्पीवर संशोधन करू इच्छिणारा विद्यार्थी संगणकावर केवळ ‘शंखपुष्पी’ हा शब्द शोधू लागला, तर निम्मे वाङ्मय त्याच्या हाती लागणार नाही. या एकाच नावाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्ल्युरिकॉलिस, इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस आणि क्लिटोरिया टर्नेशिया अशा वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. रास्नेचेही तसेच, उत्तरेत एक वनस्पती, तर दक्षिणेत दुसरी. संस्कृत पर्याय, प्रादेशिक नाव आणि वनस्पतिशास्त्रीय नाव यांची सांगड घालून शोध घेणे हे कौशल्याचे काम आहे. द्रव्यगुणाचा अध्यापक आणि प्रशिक्षित ग्रंथपाल एकत्र बसले तरच ते साधते. हे झाले नाही की प्रबंधातील ‘पूर्वकार्याचा आढावा’ हे प्रकरण आधीच्या प्रबंधावरून उतरवले जाते आणि त्यातील चुकाही पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात.

प्रबंधांचा प्रश्नही याला जोडूनच येतो. नाशिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये पुणे, मुंबई, नागपूर आदी विद्यापीठांशी संलग्न होती. त्या काळातील पदव्युत्तर प्रबंध ठिकठिकाणच्या कपाटांत विखुरलेले आहेत. आमवात, प्रमेह, ग्रहणी यांवर कोणी, कोणते कल्प, किती रुग्णांना दिले आणि काय आढळले, हे एका सूचीत पाहता आले तर विषयांची पुनरुक्ती टळेल. शिवाय अपयशी ठरलेल्या प्रयोगांपासूनही आम्हांला शिकता येईल. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहामुळे पीएच.डी.चे प्रबंध मोठ्या प्रमाणावर खुले झाले; एम.डी. आणि एम.एस.च्या प्रबंधांसाठीही तितकीच सुसूत्र व्यवस्था हवी.

ग्रंथालय हा केवळ विद्यार्थ्यांचा विषय आहे, असे आमच्यातील कोणी समजू नये. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीच्या व्रणरोपक उपयोगावर एकस्व दिले गेले, तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. हळदीचा हा उपयोग भारतात पूर्वापार ज्ञात असल्याचे परिषदेने दाखवून दिले. त्यासाठी पुढे केलेल्या लिखित पुराव्यांत जुन्या संस्कृत ग्रंथांतील उल्लेखांबरोबरच १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेखही होता. १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. प्रत्येक घरात ठाऊक असलेली गोष्टही कागदावर दाखवावी लागली आणि तो कागद कुठल्या तरी ग्रंथालयाने जपलेला होता. याच अनुभवातून पुढे पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम २००१ मध्ये सुरू झाले.

रसशाळाचालकांचा संबंध तर याहूनही थेट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणग्रंथांची यादी आहे आणि शास्त्रोक्त औषधाचा पाठ त्या ग्रंथांतील असावा लागतो. स्वामित्व औषधांच्या परवान्यासाठीही, २०१० मध्ये आलेल्या १५८-बी या नियमाने, ग्रंथाधार आणि प्रकाशित वाङ्मय यांना महत्त्व दिले आहे. च्यवनप्राशाचेच पाहा. हा पाठ चरकसंहितेत आहे, तसाच शार्ङ्गधरसंहितेतही आहे. त्यातील मेदा, जीवक, काकोली आदी द्रव्ये दुर्मीळ आहेत. त्यांच्या जागी शतावरी, विदारी, अश्वगंधा घेण्याची अनुज्ञा भावप्रकाशात मिळते. हे संदर्भ मूळ ग्रंथ आणि टीका समोर ठेवून पडताळून देणारी सेवा विद्यापीठीय ग्रंथालयाने दिली, तर लहान रसशाळांचा केवढा भार हलका होईल!

‘आता सारे भ्रमणध्वनीवर मिळते, ग्रंथालय कशाला?’ असा आक्षेप हमखास येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने संहिता आणि निघंटू संगणकावर आणून मोठेच काम केले आहे, यात शंका नाही. परंतु मूळ संहिता हाती येणे आणि तिचा अर्थ लागणे यांत अंतर आहे. अष्टांगहृदयाचे वचन अरुणदत्त कसे लावतो आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री कसे लावतो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते. कुंटे, नवरे आणि पराडकर यांच्या परिश्रमांतून निर्णयसागरने छापलेली सटीक आवृत्ती त्यासाठीच आजही हवीहवीशी वाटते. पाठभेद कोणता, आवृत्ती कोणती, हे सांगणारा जाणकार यंत्रात नसतो.

नव्या संशोधन पत्रिकांचे चित्र वेगळे नाही. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. तिच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली करण्याची तरतूद आहे. हे स्वागतार्हच आहे. मात्र महाराष्ट्रातील बहुसंख्य आयुर्वेद महाविद्यालये खासगी आहेत आणि खेड्यातील वैद्य तर कोणत्याच यादीत नाही. ज्याच्यापुढे रोज रुग्ण बसतो, त्यालाच हे दार बंद असावे, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. विद्यापीठाने नोंदणीकृत वैद्यांसाठी आणि रसशाळांसाठी माफक वार्षिक शुल्कात ग्रंथालयाचे बाह्य सभासदत्व सुरू करावे. महाविद्यालयांनी ग्रंथपालांना आयुर्वेदीय परिभाषेचे प्रशिक्षण द्यावे, त्यांना विषयनिवडीच्या चर्चेत बसवावे आणि इतर कामांतून मोकळे करावे. जुन्या प्रबंधांची एकत्रित सूची संगणकावर आणावी.

मागणे जितके, तितके देणेही आहे. आमच्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या हस्तलिखित वह्या, अनुभूत योगांची टिपणे, जुन्या मासिकांचे अंक वाळवीच्या भरवशावर पडून आहेत. ते ग्रंथालयास द्यावेत. देणे जिवावर येत असेल तर निदान त्यांची प्रत काढू द्यावी. संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने या वर्षी अशा सामग्रीची यादी करावी आणि ती नजीकच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे पोचवावी. चिकित्सालयात साठलेला अनुभव ग्रंथालयात पोचला आणि ग्रंथालयातील ज्ञान चिकित्सालयात आले, तरच ती खरी तद्विद्यसंभाषा ठरेल.