उपाशी कोणाला म्हणायचे?

२९ जून हा राष्ट्रीय सांख्यिकी दिन. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जयंतीनिमित्त २००७पासून तो पाळला जातो. सांख्यिकीतला एक राष्ट्रीय पुरस्कार सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या नावाने दिला जातो. त्यांनी उकरून काढलेला वाद मात्र आता कोणी काढत नाही.

१९७१मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा माणशी रोज २,२५० उष्मांकांवर आखली. सुखात्म्यांनी विचारले, सरासरी गरज ही किमान गरज कशी? धडधाकट माणसांतही निम्म्यांच्या आसपास लोक सरासरीच्या खालीच असणार. शिवाय एकच माणूस आज भरपेट जेवतो, उद्या कमी, आणि तब्येत तरीही जागेवर राहते. मग एका दिवसाच्या ताटावरून त्याला उपाशी कसे म्हणायचे? त्यांनी रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली नेली, आणि कागदावरचे उपाशी झपाट्याने कमी झाले.

दांडेकर खवळले. (दोघेही मूळचे सातारकर, वाद रंगला पुण्यात; इतका तिखट शास्त्रार्थ आता ऐकायला मिळत नाही.) पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचे म्हणणे असे की, कमी खाण्याशी शरीर जुळवून घेते खरे, पण त्याची किंमत मोजते: मूल खुजे राहते, खेळणे कमी होते, मजुराच्या हातून काम कमी होते.

आमच्या मते सुखात्म्यांचा प्रश्न बिनतोड होता, उत्तर मात्र सरकारला फारच सोयीचे. पण माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला रोजचा चढउतार वेगळा काढायचा, हा त्यांचा आग्रह आज आरोग्यविषयक सांख्यिकीच्या गाभ्याशी आहे. त्यासाठी त्याच माणसाची पुन्हापुन्हा मोजणी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र दर फेरीला घरे नवी, वजन-उंची एकदाच.

तशी मोजणी आपल्याकडे अंगणवाडीत होते. सेविका महिन्याच्या महिन्याला त्याच मुलाला काट्यावर ठेवते आणि आकडा नोंदवते. वरच्या बैठकीत विचारणा होते ती या महिन्यात ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) किती, ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) किती एवढीच. एखादे मूल कुपोषणाच्या रेषेच्या वर असूनही चार महिने सलग घसरत असेल, तर ते या बेरजेत येतच नाही. नोंदी आहेत, पद्धतीही आहेत. अशा मुलांची यादी सेविकेच्या हाती देण्याचा शासननिर्णय तेवढा निघायचा आहे.