बहिष्कृत स्वर

१९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेत अमेरिकन गायक पॉल रोबसन यांनी सोव्हिएत रशियाशी युद्ध नको असे म्हटले मात्र, त्यांच्या धीरगंभीर स्वरावर वर्षानुवर्षे द्रव्यार्जन करणाऱ्या अमेरिकन व्यवस्थापकांनी ठरलेले जलसे रद्द केले, सभागृहांची दारे मिटली आणि पुढल्याच वर्षी सरकारने त्यांचे पारपत्रही रद्द केले. सरकारी हुकमावर निदान दाद मागता येते, आणि १९५८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे पारपत्र परत मिळालेही; परंतु व्यवसायाच्या मुकाट बहिष्कारावर अपील कोठे करावयाचे? देश सोडता येत नसल्याने १९५२ साली कॅनडाच्या सरहद्दीवर एका मालमोटारीच्या फळीवर उभे राहून त्यांना सहस्रावधी श्रोत्यांसाठी गावे लागले. १९५७ साली लंडनकरांना त्यांचे गाणे अटलांटिकखालच्या दूरध्वनीच्या तारेतूनच ऐकावे लागले. स्टालिनच्या राजवटीची त्यांनी केलेली भलावण आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. तथापि तिचे खंडन युक्तिवादाने करावयाचे सोडून एका गायकाची उपजीविका हिरावून घेणे हा उघड अन्याय होता. १९५८ साली भारतात त्यांची साठी साजरी झाली, तेव्हा त्यासाठीच्या समितीचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश चागला यांनी स्वीकारले, हे त्या न्यायासनास शोभेसेच झाले.