गावात काय आहे, तेही मोजा

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य यंत्रणेची मोजदाद सुरू होते. गरोदर माता किती, कमी वजनाची बालके किती, क्षयरुग्ण किती, पाण्याचे दूषित स्रोत कोणते. ही माहिती हवीच. पण या रकान्यांमध्ये गाव म्हणजे निव्वळ उणिवांची यादी होऊन बसते. त्याच गावात एखादी निवृत्त परिचारिका असते, अपरात्री जीप काढणारा तरुण असतो, क्षयरोगातून बरा झालेला शेतकरी असतो. त्यांच्यासाठी मात्र रकाना नसतो.

याची किंमत सर्पदंशात दिसते. विषारी दंशावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे. रुग्ण दगावतो तो बऱ्याचदा उशिरामुळे. गाडी कोणाकडे आहे, दंश झालेला हात किंवा पाय न हलू देता आधार कसा द्यायचा, कोणते रुग्णालय गाठायचे, हे सगळे ऐन वेळी शोधले जाते. लोक आधी भगताकडे जातात हेही खरे. मग त्याला विश्वासात घेऊन ‘पहिले दवाखाना’ हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले, तर कित्येक तास वाचतील.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्यांनी आरोग्यसेविका म्हणून गावातल्याच बायका घेतल्या. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, पण घराघराची माहिती आणि लोकांचा विश्वास होता. त्याला प्रशिक्षणाची जोड मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. 2005 मध्ये सुरू झालेली ‘आशा’ योजनाही गावातल्याच बाईवर उभी आहे.

मग हे गुण शोधायचे कसे? ग्रामसभेत हात वर करायला सांगून नव्हे. तिथे नेहमीचेच चार जण बोलतात. वाडीवस्तीवर, बचत गटाच्या बैठकीत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. तुम्हाला काय येते? अडचणीत लोक कोणाकडे धावतात? तुम्ही कोणत्या वेळी हाकेला येऊ शकाल? बायका हमखास म्हणतात, ‘मला काय येतंय?’ अंथरुणाला खिळलेल्या सासूला वर्षानुवर्षे एकही जखम न होऊ देता सांभाळणारी सूनही हेच म्हणते. तिचे कौशल्य शेजारच्या पक्षाघाताच्या रुग्णाच्या घरी लाखमोलाचे आहे. क्षयरोगाचे औषध महिनोन्‌महिने नेटाने कसे घ्यावे, हे बरा झालेला रुग्ण आम्हा डॉक्टरांपेक्षा पटेल असे सांगतो.

शहरातही हेच. हृदय बंद पडलेल्या माणसाला रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबून जगवता येते. मिनिटाला 100 ते 120 वेळा. पण हे येणारा माणूस आपल्या इमारतीत कोणत्या मजल्यावर राहतो, हे किती सोसायट्यांना ठाऊक आहे?

दोन पथ्ये पाळायलाच हवीत. नाव आणि फोन नंबर संमतीनेच लिहावा. आणि लोकांची मदत म्हणजे फुकटचे मनुष्यबळ नव्हे. नियमित काम घ्यायचे तर प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही द्यावे. गावात जाणती माणसे आहेत म्हणून उपकेंद्रातले परिचारिकेचे पद रिकामे ठेवायला सरकारला निमित्त मिळता कामा नये.

गावोगावी आरोग्य व पोषण समित्या कागदावर आहेतच. त्यांनी पुढच्या बैठकीत उणिवांच्या यादीशेजारी ही दुसरी यादीही करावी आणि उपकेंद्राच्या भिंतीवर लावावी. पहिला जोराचा पाऊस पडण्याआधी एवढे सहज होण्यासारखे आहे.